काढून टाकण्याआधी जरा थांबा
घरातल्या कॉम्प्युटरचा ब्राउझर बिघडला तर काय करावे, काय करू नये

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. दिवसभर संततधार लागलेली, वीज चार वेळा गेलेली. साताऱ्यात मी स्वयंपाकघर आवरत होते, तेवढ्यात मिरजेहून आपांचा फोन आला.

‘‘अगं, पोरीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची उद्या शेवटची तारीख आहे आणि कॉम्प्युटरवर एकही साइट उघडत नाही. प्रत्येक वेळी लाल खूण येते, सुरक्षित नाही म्हणून सांगते.’’

‘‘आपा, कॉम्प्युटरला कुणी काही केलंय का?’’

‘‘धाकट्याने तो ब्राउझर काढून टाकला. मित्राकडून पेन ड्राइव्हवर नवा आणलाय, पण तो बसतच नाही.’’

मी साताऱ्यात बरीच वर्षे कॉम्प्युटरचे वर्ग घेते. ‘काढून परत टाका’ हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो कानावर पडला, की पोटात गोळा येतो. फोन भाचीच्या हातात द्यायला सांगितला.

‘‘बेटा, पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात बघ. तारीख काय दिसतेय?’’

क्षणभर शांतता. मग आवाज आला, ‘‘खाला, १ जानेवारी २००९!’’

सगळा रोग एवढाच होता. कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवण्याचे काम ती करते. ती संपली, की वीज गेल्याबरोबर कॉम्प्युटर जुन्या तारखेला जाऊन बसतो. आता प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. कॉम्प्युटर समजतो आपण २००९ सालात आहोत, म्हणजे हे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही! म्हणून तो प्रत्येक दारावर ‘सुरक्षित नाही’ अशी पाटी लावतो. यात ब्राउझरचा काडीचाही दोष नव्हता.

तारीख हाताने दुरुस्त केली. पण ब्राउझर तर गेलेला. कॉम्प्युटर जुना, विंडोज ७ वर चालणारा. त्यावर नवा ब्राउझर बसेना. शेवटी उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि गुणपत्रिका केबलने मोबाइलवर घेतल्या आणि रात्री साडेअकराला फॉर्म मोबाइलवरूनच भरला. भाचीचे काम झाले. मला वाटले, संकट टळले.

खरे संकट दुसऱ्या दिवशी कळले.

आमच्या दुल्हाभाईंचा तंबोरे बनवण्याचा छोटा कारखाना आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रात वाचले असेल. पूर्वी गिऱ्हाईक दारात येऊन माप द्यायचे. आता बरीच बोलणी मेलवर होतात. कुणाला कोणत्या पट्टीचा तंबोरा हवा, दांडी किती लांब, नक्षी कुठे, आगाऊ रक्कम किती आली, सारे त्या मेलमध्ये. आणि त्या मेलचा पासवर्ड त्या काढून टाकलेल्या ब्राउझरमध्ये. सहा वर्षांत तो कुणी हाताने टाकलाच नव्हता, त्यामुळे कुणाला आठवतही नव्हता. विसरलेल्या पासवर्डसाठी जो मोबाइल नंबर दिला होता, ते सिम कधीच बंद झालेले.

काम अर्ध्यावर थांबले. लाकूड समोर आणि मापे बंद पेटीत. पाच दिवस दुल्हाभाई कारखान्यात नुसते बसून राहिले. मुलाला ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यामुळे त्याला जेवण जाईना. पाचव्या दिवशी आपांना कपाटात दुल्हाभाईंचा जुना फोन सापडला. चार्ज करून वायफाय जोडले, तर त्यात मेल उघडीच होती. तिथूनच ‘हो, मीच आहे’ अशी खात्री देऊन नवा पासवर्ड घेता आला. नशीब थोर म्हणायचे.

ज्या घरात एक कॉम्प्युटर आणि चार माणसे आहेत, त्या प्रत्येक घरात हे घडू शकते. म्हणून हा लेख.

दार आणि कपाट

आपण ब्राउझरला दार समजतो. क्रोम, फायरफॉक्स, एज ही नुसती बाहेरच्या जगात जायची दारे असती, तर एक काढून दुसरे बसवायला हरकत नव्हती. पण ब्राउझर हे कपाटही आहे. त्यात वेगवेगळ्या कप्प्यांत बऱ्याच गोष्टी असतात.

एका कप्प्यात पासवर्ड. दुसऱ्यात बुकमार्क, म्हणजे आपण खूण करून ठेवलेली पाने. तिसऱ्यात इतिहास, म्हणजे कुठे कुठे गेलो त्याची नोंद. चौथ्यात कुकीज, या छोट्या चिठ्ठ्या असतात, त्यांच्यामुळे संकेतस्थळ आपल्याला ओळखते आणि दर वेळी नाव-पासवर्ड मागत नाही. पाचव्यात कॅश, म्हणजे पाने लवकर उघडावीत म्हणून साठवलेली चित्रे आणि तुकडे. सहाव्यात एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली लहान लहान अवजारे.

बिघाड बहुतेक वेळा शेवटच्या तीन कप्प्यांत असतो: जुनी कुकी, सडलेली कॅश किंवा आगंतुक एक्स्टेन्शन. आणि आपले मोलाचे सामान असते पहिल्या दोन कप्प्यांत. शेवटच्या कप्प्यातल्या झुरळासाठी अख्खे कपाट जाळायचे नसते, एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे काम झाले.

दोष नेमका कुणाचा?

उपाय करण्याआधी एक प्रश्न विचारा: एकच साइट उघडत नाही, की कोणतीच उघडत नाही?

एकच उघडत नसेल, तर बहुधा दोष त्या साइटचा. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. आधी ही पद्धत मुंबई, पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. सातारा-सांगलीच्या मुलांसाठी ती नवी होती. २१ मे २०२५ रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. त्या दिवशी संकेतस्थळच चालेना आणि नोंदणी पुढे ढकलून २६ मेपासून सुरू करावी लागली. त्या दिवशी घरी बसून कुणी ब्राउझर रीसेट केला असेल, काढून पुन्हा टाकला असेल, तर त्याने आपलाच वेळ आणि पासवर्ड घालवले. पलीकडचे दुकान बंद असताना आपल्या घराचे कुलूप तोडून उपयोग काय? अशा वेळी तीच साइट मोबाइलच्या डेटावर उघडून पाहा, शेजारच्या गावातल्या नातेवाइकाला उघडायला सांगा. त्यांच्याकडेही उघडत नसेल, तर स्वस्थ बसा.

कोणतीच साइट उघडत नसेल, तर आधी तारीख-वेळ पाहा, मग नेट चालू आहे का ते पाहा.

तिसरा प्रकार म्हणजे साइट उघडते, पण शेवटचे पाऊल पडत नाही. सातबारा पाहताना हा अनुभव अनेकांना येतो. गट नंबर टाकला, अक्षरे ओळखून भरली, बटण दाबले आणि पुढे काहीच नाही. उतारा नव्या खिडकीत उघडायचा असतो आणि ब्राउझर जाहिरात समजून ती खिडकी अडवतो. पत्त्याच्या ओळीच्या उजव्या टोकाला छोटी खूण येते. तिच्यावर टिचकी मारून या साइटला ‘पॉप-अप’ची परवानगी दिली, की उतारा समोर येतो.

फोनमध्येही असेच फसायला होते. २२ आणि २३ मार्च २०२१ या दिवसांत जगभरच्या अँड्रॉइड फोनवर मेल आणि इतर अनेक ॲप उघडता उघडता बंद पडू लागली. लोक ती ॲप काढून पुन्हा टाकत होते, तरी तेच. दोष होता ‘वेबव्ह्यू’ नावाच्या भागात. दुसऱ्या ॲपच्या आत वेबपान दाखवण्याचे काम हा भाग करतो. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोमची नवी आवृत्ती दिली, ती घेतल्यावर ॲप पूर्ववत चालू लागली. काढण्यापेक्षा अद्ययावत करणे उपयोगी पडते, ते असे.

आपल्या मराठीने तर हे फार आधी भोगले आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरत. फॉन्ट नसला, की बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी एक वेगळी सोय आधी चालू करावी लागे. ब्राउझर कितीदा बदलला तरी तिथे फरक पडत नसे.

पायरी पायरीने

डॉक्टर तापाला लगेच शस्त्रक्रिया सांगत नाहीत. ब्राउझरचेही तसेच करावे. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा आणि जिथे काम होईल तिथे थांबा.

पहिली पायरी: पान नव्याने मागवा. कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही तीन बटणे एकत्र दाबली, की ब्राउझर साठवलेले तुकडे बाजूला ठेवून पान ताजे आणतो.

दुसरी पायरी: ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा, आणि अद्ययावत आहे का ते मेनूतल्या ‘अबाउट’मध्ये पाहा.

तिसरी पायरी: तीच साइट ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत उघडा. या खिडकीत जुन्या कुकीज नसतात आणि एक्स्टेन्शनही सहसा बंद असतात. तिथे साइट नीट चालली, तर चोर सापडला: तो कुकीजमध्ये किंवा एक्स्टेन्शनमध्ये आहे.

चौथी पायरी: फक्त त्या साइटच्या कुकीज काढा. पत्त्याच्या डाव्या बाजूच्या खुणेवर टिचकी मारली, की तो पर्याय मिळतो. त्या एका साइटवर पुन्हा नाव-पासवर्ड टाकावा लागेल, बाकी काही जाणार नाही.

पाचवी पायरी: एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि एकेक बंद करून पाहा. घरातल्या कुणालाच आठवत नाही असे काही तिथे असेल, तर ते काढून टाका.

सहावी पायरी: कॅश साफ करा. इथे सांभाळा. साफ करण्याच्या चौकटीत कॅश, कुकीज, इतिहास आणि पासवर्ड यांचे चौकोन वेगवेगळे असतात. खूण फक्त कॅशसमोर हवी. पासवर्डच्या चौकोनाला हात लावू नका.

सातवी पायरी: रीसेट. याला लोक उगाच घाबरतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ असते. ते केले, की सुरुवातीचे पान आणि शोधाचे इंजिन मूळ जागी येते, एक्स्टेन्शन बंद होतात, कुकीज जातात. बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड मात्र राहतात. एजमध्येही जवळजवळ असेच आहे. फायरफॉक्समध्ये याला ‘रिफ्रेश’ म्हणतात. त्यात एक्स्टेन्शन जातात, पण बुकमार्क आणि पासवर्ड टिकतात. शिवाय जुन्या माहितीचा एक फोल्डर तो आपल्या डेस्कटॉपवर ठेवून देतो.

म्हणजे बहुतेक लोक ज्या कारणासाठी ब्राउझर काढून टाकतात, ते काम रीसेटने होते आणि ठेव शाबूत राहते. आमच्या भाच्याला ही एक गोष्ट ठाऊक असती, तर दुल्हाभाईंचे पाच दिवस वाचले असते.

काढून टाकल्यावर काय होते?

ब्राउझर काढताना एक चौकट विचारते: ‘तुमचा ब्राउझिंग डेटाही काढायचा का?’ सारा खेळ इथे आहे.

खूण केली नाही, तर वरचे दार जाते, पण कपाट कॉम्प्युटरमध्ये तसेच राहते. पुन्हा ब्राउझर टाकला, की तो तेच जुने कपाट उघडतो, बिघडलेल्या कप्प्यासकट. म्हणून अनेकजण म्हणतात, ‘दोनदा काढून टाकला तरी तसाच!’ खूण केली, तर कपाटच जाते. आमच्या भाच्याला वाटले, साफच करायचे आहे तर पूर्ण करू. त्याने खूण केली.

गूगल खात्याशी जोडणी, म्हणजे सिंक, चालू असेल तर पासवर्ड आणि बुकमार्क खात्यात राहतात आणि पुन्हा लॉगिन केल्यावर परत येतात. पण त्यांच्याबरोबर ते त्रासदायक एक्स्टेन्शनही परत येऊ शकते! म्हणून ते आधी यादीतून काढायचे, मग बाकीचे.

जुन्या कॉम्प्युटरवर तर ब्राउझर काढणे जास्तच जोखमीचे. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ क्रमांकाची. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० वी आवृत्ती आली, तिला किमान विंडोज १० लागते. म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवरचा चालता क्रोम एकदा काढला, की नवा तिथे बसत नाही. अशा कॉम्प्युटरसाठी फायरफॉक्सने ११५ क्रमांकाची दीर्घ मुदतीची आवृत्ती ठेवली. पुढच्या रविवारी मी मिरजेला गेले तेव्हा तीच बसवली आणि घड्याळाची बॅटरीही बदलली. पण ही तात्पुरती मलमपट्टी. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षेची डागडुजी मिळत नाही. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

मोबाइलमध्ये क्रोम बहुधा फोनबरोबरच येतो, तो पूर्ण काढता येत नाही. ॲपच्या माहितीत दोन बटणे असतात. ‘क्लिअर कॅश’ निरुपद्रवी आहे. ‘क्लिअर स्टोरेज’ किंवा ‘क्लिअर डेटा’ म्हणजे कपाट रिकामे करणे. ते विचार करूनच दाबावे.

आणि तरीही काढायचाच असेल, तर आधी तीन कामे करा. बुकमार्कची फाइल बाहेर काढून ठेवा. बुकमार्कच्या व्यवस्थापनात ‘एक्स्पोर्ट’ असते. साठवलेल्या पासवर्डची यादी उघडून महत्त्वाचे पासवर्ड उतरवून घ्या. आणि घरात प्रत्येकाला विचारा, ‘तुझे काही आहे का यात?’ तिसरे काम सर्वांत सोपे आणि तेच सर्वांत जास्त राहून जाते.

बिघाड नाही, फसवणूक

काही वेळा ब्राउझर बिघडलेला नसतो, त्यात कुणीतरी घुसलेले असते. शोधायला जावे तर भलतेच पान उघडते, किंवा ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस’ अशा सूचना दिवसभर टिंगटिंग करत येतात.

या सूचना बहुधा व्हायरसच्या नसतात. कधीतरी एखाद्या पानावर ‘अलाऊ’ दाबले गेलेले असते, तेवढ्याने ती साइट सूचना पाठवू लागते. सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन’ उघडा, परवानगी दिलेल्या साइटची यादी पाहा आणि अनोळखी नावे काढून टाका. फोन फॉरमॅट करण्याची काहीच गरज नाही. कॉम्प्युटरवर रीसेट करूनही भलते पान परत येत असेल, तर विंडोजमध्ये दुसरे काही बसलेले आहे. प्रोग्रामच्या यादीतून ते आधी काढावे.

मोठा धोका पुढे आहे. सूचनेत एक फोन नंबर असतो, किंवा आपणच घाबरून ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधतो. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलतो, चाचा, खाला म्हणतो, आणि तुमचा पडदा त्याला दिसेल असे ॲप टाकायला सांगतो. तिथेच फोन ठेवा. ब्राउझर दुरुस्त करायला ओटीपी लागत नाही आणि कोणतीही ब्राउझर कंपनी स्वतःहून घरी फोन करत नाही. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. नवा ब्राउझर उतरवतानाही कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा.

एक वही

आता आपांच्या घरी एक वही आहे. कारखान्याच्या हिशेबाच्या वह्यांसारखीच, लाल कापडी पुठ्ठ्याची. कोणते खाते कुणाचे, त्याचा पासवर्ड काय, विसरल्यावर ओळख पटवायला कोणता मोबाइल नंबर दिला आहे, एवढे त्यात लिहिलेले असते. बँकेचा पिन त्यात लिहायचा नाही, असे मी बजावून सांगितले आहे. वही कपाटाच्या कुलुपात असते आणि सिम बदलले, की त्या दिवशीच वहीतला आणि खात्यातला नंबर बदलतात. नोकरीचे अर्ज, हजचा फॉर्म, मुलांची शिष्यवृत्ती हे सगळे ज्या खात्यांतून चालते, ती खाती एका माणसाच्या आठवणीवर सोडायची नसतात.

वही लिहायचे काम कुणाकडे आहे सांगू? भाच्याकडे. दुल्हाभाईंनीच ते त्याला दिले. परवा मी गेले तेव्हा शेजारचा एक मुलगा त्याला विचारायला आला होता, ‘‘भाई, नेट अडकतंय, ब्राउझर काढून टाकू का?’’

भाचा म्हणाला, ‘‘थांब. आधी तारीख बघ. मग अब्बांना विचारून ये, त्यांचं काय काय आहे त्यात.’’

दुल्हाभाई आत तंबोऱ्याला जवारी लावत बसले होते. मान वर न करता हसले.